चरे न पाडता चकाकी : घरच्या घरी मोटारीची निगा

मोटारीच्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक गोलसर चरे दिसतात, ते बहुतेक वेळा गाडी साफ करतानाच पडलेले असतात. सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकली जाते. सोसायटीत एकाच बादलीत एकच फडके बुडवून ओळीने पाच-सहा गाड्या पुसल्या जातात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, खडीच्या चुऱ्याचे आणि सिमेंटचे कण असतात आणि रंगाच्या वरच्या थरापेक्षा ते कितीतरी कठीण असतात. फडक्याखाली सापडलेला असा प्रत्येक कण रंगावर रेघ ओढत जातो. एका दिवसाची रेघ डोळ्यांना दिसत नाही. दोन वर्षांच्या रेघा काळ्या गाडीला करडी करून सोडतात.

गाडीचा प्रत्येक भाग त्याच्या पदार्थाला मानवेल अशा रीतीने स्वच्छ करणे, झालेली झीज शक्य तेवढी भरून काढणे आणि मग त्यावर संरक्षक थर देणे, या सगळ्या कामाला डीटेलिंग म्हणतात. त्यासाठी शहरोशहरी स्टुडिओ निघाले आहेत, पण यातले बरेचसे काम घरच्या अंगणात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये होऊ शकते. त्यासाठी क्रम मात्र पाळावा लागतो : आधी सुटी धूळ, मग चिकटलेली घाण, मग चरे आणि सर्वांत शेवटी संरक्षण. प्रत्येक पायरीवर नियम एकच, रंगावर घर्षण कमीत कमी व्हावे.

रंगाचे थर

कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ येतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसाच्या दीड ते दोन पट. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची चकाकी याच थराची असते आणि उन्हातले अतिनील किरण शोषून खालचा रंग वाचवणारी द्रव्येही याच थरात असतात. पॉलिश करताना हाच थर थोडाथोडा घासला जातो आणि घासलेला भाग पुन्हा वाढत नाही. म्हणून पॉलिश हा दरमहा करायचा सोपस्कार होऊ शकत नाही.

पारदर्शक थराची ही पद्धत १९८०च्या दशकात जगभर रूढ झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांवर सहसा एकेरी रंग असे. साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्यांवर आजही तो असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोपऱ्यात थोडे पॉलिश लावून पुसल्यावर फडक्यावर गाडीचाच रंग उतरला, तर वर पारदर्शक थर नाही असे समजावे आणि हात आणखी हलका ठेवावा.

लागणारे साहित्य

सुरुवातीला दोन बादल्या, गाडीचा सौम्य शाम्पू, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, पुसण्यासाठी मोठा जाड टॉवेल, पाच-सहा लहान मायक्रोफायबर फडकी, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि आतल्या सफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनर एवढे पुरते. बादलीच्या तळाशी बसणारी प्लॅस्टिकची जाळी मिळाल्यास उत्तम; खाली बसलेली माती पुन्हा वर येऊन हातमोज्याला लागत नाही.

जुन्या बनियनचे किंवा साडीचे फडके घरोघरी वापरले जाते. त्याची शिवण आणि त्यात अडकलेली कच यांमुळे चरे पडतात. मायक्रोफायबर हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिशय बारीक धाग्यांचे कापड असते. धूळ त्याच्या केसाळ भागात आत ओढली जाते आणि पृष्ठभागावर रगडली जात नाही. ही फडकी सुती कपड्यांत मिसळून धुवू नयेत, कारण सुताचे तंतू त्यांना चिकटतात. कपडे मऊ करणारे द्रावणही त्यांना चालत नाही. त्याने धाग्यांवर थर बसतो आणि पाणी शोषण्याची ताकद जाते. चाकांचे, काचांचे, रंगाचे आणि आतल्या भागाचे फडके कायम वेगळे ठेवावे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये.

भांड्यांचे डिटर्जंट तेलकटपणा तोडण्यासाठी बनवलेले असते. ते रंगावरचे मेणही काढून टाकते. कपड्यांची पावडर त्याहून तीव्र, म्हणून गाडीला ती लावूच नये.

धुण्याची रीत

गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागत असताना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी क्षणात वाळते आणि डाग सोडते. लांबून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच गार पाणी मारू नये. तापलेल्या ब्रेकच्या चकत्यांना अचानक थंडावा सोसत नाही.

सुरुवात चाकांपासून करावी. ब्रेकच्या भुकटीमुळे ती सर्वांत मळलेली असतात आणि त्यांचे शिंतोडे नंतर धुतलेल्या पत्र्यावर उडायला नकोत. चाके झाली की संपूर्ण गाडीवर वरून खाली पाणी सोडून सुटी माती वाहून जाऊ द्यावी. या वेळी हात किंवा फडके लावू नये. दाबाच्या पाण्याचे यंत्र असल्यास त्याचे तोंड एक-दीड फूट लांब ठेवावे आणि दारांच्या रबरावर, स्टिकरवर किंवा टवका उडालेल्या रंगावर थेट झोत मारू नये.

त्यानंतर दोन बादल्यांचे काम येते. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, साध्या पाण्यात खळबळून माती काढावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा खालचा पट्टा व बंपर. सर्वांत जास्त खडे खालच्या पट्ट्यात असतात, म्हणून तो शेवटी. हात गोल न फिरवता सरळ न्यावा; चुकून चरा पडलाच तर सरळ चरा कमी नजरेत भरतो. जोर देऊ नये. हातमोज्याचे वजन पुरेसे असते.

एका वेळी गाडीची एकच बाजू धुऊन लगेच पाणी सोडावे. शेवटी नळीचे तोंड काढून पाण्याची सलग धार टपावरून सोडली, की बरेचसे पाणी पडद्यासारखे घसरून जाते. राहिलेले पाणी जाड टॉवेल पसरून आणि ओढून टिपावे. आरसे, दारांच्या मुठी आणि पेट्रोलचे झाकण यांत साठलेले पाणी नंतर ओघळते, तेही टिपून घ्यावे.

पाणी : किती आणि कसले

साध्या नळीतून मिनिटाला १० ते १५ लीटर पाणी जाते. नळी दहा मिनिटे मोकळी सोडली तर शे-दीडशे लीटर पाणी वाहून जाते. ज्या महाराष्ट्रात २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे हा हिशेब विसरून चालत नाही. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठेवला होता.

टंचाईच्या दिवसांत ‘रिन्सलेस’ द्रावण उपयोगी पडते. ते आठ-दहा लीटर पाण्यात थोडे मिसळतात. त्यातली वंगणासारखी द्रव्ये धुळीच्या कणांभोवती आवरण धरतात आणि ते कण कमी घासूनही निघून येतात. आधी गाडीवर हेच पाणी फवारून दोन मिनिटे थांबावे, मग भिजलेल्या मायक्रोफायबरने एकेक भाग पुसावा आणि दर वेळी फडक्याची नवी घडी वापरावी. इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे पाणी सांडायला परवानगी नसते, तिथे हीच पद्धत सोयीची. फक्त चिखलाने माखलेल्या गाडीला ती लावू नये. तिथे आधी पाण्यानेच चिखल उतरवावा लागतो.

बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे वर्तुळ राहते. अशा पाण्याने गाडी धुतल्यावर ती वाळू न देता लगेच टिपणे हा पहिला उपाय. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून, फडके अर्धा मिनिट टेकवून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन निघतात. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात. ते पॉलिशनेच जातात.

चिकटलेली घाण

काही डाग काढायला थांबता येत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते आणि उन्हात ती वाळताना रंगावर ठसा उमटवते. आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीवर पडणारा चीक आणि चिरडलेल्या किड्यांचे अवशेषही असेच त्रास देतात. अशा डागावर ओले फडके पाच मिनिटे ठेवून तो मऊ करावा आणि उचलून घ्यावा. नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडल्यास डाग जातो आणि चरा राहतो. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. रॉकेल किंवा पेट्रोल वापरण्याची सवय सोडावी. प्लॅस्टिकला आणि रबराला ते सोसत नाही, शिवाय पेट घेण्याचा धोका असतो.

ब्रेकमधून आणि रेल्वेमार्गाजवळच्या हवेतून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. ‘आयर्न रिमूव्हर’ फवारल्यावर लोखंडाशी रासायनिक क्रिया होऊन द्रावण जांभळे होते आणि कण सुटतो. वास उग्र असतो, म्हणून ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावे आणि रंगावर वाळू देऊ नये.

एवढे करूनही पत्रा खरखरीत लागू शकतो. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून धुतलेल्या बॉनेटवर बोटे फिरवली, की उघड्या हाताला न जाणवणारे कणही जाणवतात. त्यासाठी ‘क्ले बार’ असतो. तदाओ कोदाते या जपानी संशोधकाने विकसित केलेल्या या कृत्रिम मातीला १९९०च्या दशकात अमेरिकेत पेटंट मिळाले. मातीचा तुकडा चपटा करून, रंगावर भरपूर शाम्पूचे पाणी ठेवून तो हलक्या हाताने सरळ फिरवतात. खरखर थांबली की तो भाग झाला. माती मळली की घडी घालून नवी बाजू काढावी आणि ती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, हे काम पुरे.

पॉलिश

पॉलिशमध्ये अतिशय बारीक अपघर्षक कण असतात. ते चऱ्याच्या दोन्ही कडा घासून पृष्ठभाग सपाट करतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि चरा दिसेनासा होतो. नखाला अडकणारा ओरखडा बहुधा क्लिअर कोटच्या पार गेलेला असतो. पॉलिशने तो भरत नाही.

नवशिक्याने हाताने किंवा ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्राने काम करावे. या यंत्राचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान वर्तुळात डोलतो, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी यंत्राचा पॅड एकाच अक्षावर वेगाने फिरतो आणि अनुभव नसेल तर काही सेकंदांत रंग जाळू शकतो. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन आखून सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड यांनी प्रयोग करावा. पुरेसा फरक पडला तर तेच संपूर्ण गाडीला वापरावे, नाही तर एक पायरी वर जावे. कडांवर, कोनांवर आणि घड्यांवर रंग मुळात पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावावी. चरे शंभर टक्के घालवण्याचा हट्ट धरू नये. थोडे चरे राहिलेले चालतात, क्लिअर कोट संपलेला चालत नाही.

संरक्षक थर

पॉलिशनंतर पृष्ठभाग उघडा असतो, म्हणून त्याच दिवशी संरक्षण द्यावे. कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. लावायला सोपे आणि गडद रंगावर देखणे असले, तरी आपल्याकडच्या उन्हापावसात ते एक ते तीन महिनेच टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट चार ते सहा महिने साथ देते. नवशिक्यासाठी हाच मधला मार्ग बरा. अगदी पातळ थर लावावा, सांगितलेला वेळ थांबून स्वच्छ फडक्याने पुसावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचा त्रास वाढतो.

सिरॅमिक कोटिंग सिलिकॉनच्या संयुगांचे असते आणि रंगाशी घट्ट बांधले जाऊन वर्षानुवर्षे टिकू शकते. मात्र त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपास असते. दगड उडाल्यावर किंवा चावी घासल्यावर ते गाडी वाचवत नाही, आणि कोटिंग केलेली गाडीही नीटच धुवावी लागते. लावताना चूक झाली आणि ते तसेच घट्ट झाले, तर पॉलिशनेच काढावे लागते. म्हणून ते पहिल्याच वर्षी घरी करू नये. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागाला गॅरेजवाल्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत मेण किंवा कोटिंग लावू नये. ताज्या रंगातली द्रव्ये पूर्ण उडून जायला वेळ लागतो.

काचा, दिवे, चाके

पावसाळ्यात रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप काचेवर पसरते ती काचेवरच्या तेलकट थरामुळे. बाहेरून धूर आणि डांबराचे अंश बसतात, आतून तापलेल्या प्लॅस्टिकमधून उडालेली द्रव्ये. काच दोन फडक्यांनी साफ करावी : एकाने द्रावण फिरवावे, दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यावे. बाहेर आडवा आणि आत उभा हात फिरवला, तर राहिलेला डाग कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळते. अमोनिया असलेले द्रावण फिल्म लावलेल्या काचेला वापरू नये. वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसले, तरी बऱ्याच काचांवरची रेघ जाते.

हेडलाइटचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. त्यावरचा संरक्षक लेप उन्हाने झिजला की ते पिवळे पडते. १०००, मग २००० आणि मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून आणि पॉलिश करून ते स्वच्छ होते. पण शेवटी अतिनील किरणांना रोखणारा लेप दिला नाही, तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो.

अलॉय चाकांना तीव्र आम्लाचे क्लीनर लावू नये. टायरचा तपकिरी रंग बऱ्याचदा मातीचा नसतो; रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेली द्रव्ये पृष्ठभागावर येऊन तो तयार होतो. ब्रशने घासून तो काढावा आणि मग पाण्यावर आधारित ड्रेसिंग फक्त बाजूच्या भिंतीला लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकच्या चकतीवर ते लागले, तर गाडी घसरू शकते.

गाडीच्या आत

आतले कामही वरून खाली चालते. आधी मॅट बाहेर काढून झटकावेत, मग व्हॅक्यूम. एसीच्या झरोक्यांतली आणि बटणांभोवतीची धूळ मऊ रंगकामाच्या ब्रशने सैल करून लगेच ओढून घ्यावी. डॅशबोर्ड ओलसर मायक्रोफायबरने पुसावा. चकचकीत सिलिकॉनचे द्रावण टाळावे. त्याची चमक समोरच्या काचेत दिसते आणि धूळही जास्त धरते. स्टिअरिंग आणि पेडल यांना कोणतेही निसरडे द्रावण लावू नये. टचस्क्रीनवर थेट काही फवारू नये. फडके किंचित ओले करून पुसावे.

बहुतेक गाड्यांच्या ‘लेदर’ सीट रेक्झिन जातीच्या कृत्रिम चामड्याच्या असतात. त्यांना सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. कापडी सीटवर फेस जास्त आणि पाणी कमी वापरावे, कारण आतला स्पंज भिजला की कुबट वास धरतो. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल, तर तो भाग भिजवू नये आणि सीटखालच्या तारांवर पाणी जाऊ देऊ नये. डॅशबोर्डवर ठेवलेली अत्तराची बाटली कलंडली, तर प्लॅस्टिकवर कायमचा डाग पडतो. बाटलीची जागा बदलावी.

पावसाळ्यातली बुरशी ही कोकणात आणि घाटमाथ्यावर मोठी अडचण. ओले मॅट आत ठेवू नयेत. मुक्कामाला पोचण्याआधी काही मिनिटे एसीचे थंड करणे बंद करून पंखा चालू ठेवला, तर आतले कॉइल वाळते आणि वास येत नाही. केबिन फिल्टर दर १०,००० ते १५,००० किलोमीटरला बदलावा. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाने अडकली की पाणी तुंबून गाडीच्या आत उतरते. सनरूफच्या नळ्या आणि दारांच्या तळाची छिद्रेही मोकळी आहेत का ते पाहावे.

बॉनेटखाली दाबाचे पाणी मारणे घरी टाळावे. इंजिन थंड असताना ओलसर फडके आणि ब्रश पुरतो. विजेच्या गाडीतल्या नारिंगी तारांना हात लावू नये; त्या उच्च दाबाच्या असतात.

सणांचे डाग

दसऱ्याला गाडीची पूजा होते, तेव्हा बॉनेटवर हळद-कुंकू लागते. हळदीतला रंग उन्हाने फिका पडतो, पण कुंकवातले कृत्रिम रंग पांढऱ्या गाडीवर पक्के बसू शकतात. पूजेनंतर त्याच दिवशी शाम्पूच्या पाण्याने ते धुवावे. आधी मेण किंवा सीलंट दिलेले असल्यास डाग सहज सुटतो. झेंडूच्या हाराची तार रंगाला लागू नये म्हणून हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा. दिवाळीत फटाक्यांची राख गाडीवर बसते. तिच्यात क्षार आणि धातूंच्या ऑक्साइडचे खरखरीत कण असतात. सकाळच्या दवाने ती भिजण्याआधी पाण्याने धुऊन काढावी. कोरड्या फडक्याने मुळीच पुसू नये. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालणेही वाईट, कारण वाऱ्याने हलणारे कव्हर तीच धूळ रगडते.

वर्षाचे वेळापत्रक

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला धुणे, महिन्यातून एकदा आतली सफाई आणि चार-सहा महिन्यांनी सीलंट एवढा क्रम बहुतेक गाड्यांना पुरतो. मे महिन्याच्या शेवटी क्ले, सीलंट, वायपर आणि पाण्याच्या वाटा बघून ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की खालची बाजू धुऊन गंज तपासावा. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत तो लवकर धरतो, म्हणून तिथे हे काम वर्षातून दोनदा करावे. पॉलिशचे वेळापत्रक ठरवू नये. चरे खरोखर डोळ्यांत भरू लागले, तरच ते करावे. गंजाचे फोड, उडालेला क्लिअर कोट, पत्र्यापर्यंत गेलेले ओरखडे आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ही कामे जाणत्या कारागिराकडे द्यावीत.